हात सोडून उभं राहताना

हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला, "खुबा शाबूत आहे काका, नशीब समजा" म्हणाले आणि चिठ्ठीवर दुखण्याच्या गोळीखाली आणखी एक ओळ खरडली. बाहेर आल्यावर पोरानं ती वाचली. "अप्पा, फिजिओथेरपी लिहिलीय. तोलासाठी आणि चालण्यासाठी." पडल्यानं बसलेला मुका मार होता, चार दिवसांत उतरणार होता. त्याला फिजिओ कशाला, हे मला कळेना. आमच्याकडं फिजिओ म्हणजे शेक आणि करंट. खांदा धरला, कंबर आखडली की जायचं, मुंग्या आणणारं मशीन लावून अर्धा तास पडायचं आणि पैसे देऊन यायचं. तोल सांभाळायचीही शिकवणी असते, हे बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं.

त्यात मी एसटीचा कंडक्टर. नोकरीतली बरीच वर्षं कराड डेपोत गेली आणि त्यातली कितीतरी कराड–चिपळूण मार्गावर. कुंभार्ली घाटात गाडी वळणं घेत असताना एका हातात तिकिटांचा ट्रे, दुसऱ्या हातात पंच, खांद्याला पैशांची बॅग. दांडी धरायला तिसरा हात देवानं दिलेला नाही. पाय थोडे फाकवायचे, गुडघे सैल सोडायचे, कंबर सीटच्या कडेला लावायची आणि तिकीट फाडायचं. हे कुणी शिकवलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला प्रवाशांच्या अंगावर कोसळून कोसळून अंगात आलं. असा माणूस घरातल्या सपाट फरशीवर, मोरीतून बाहेर येताना पडतो आणि कारण विचारलं तर सगळे एकच सांगतात, वय झालं. वय तर माझ्याबरोबर रिटायर झालेल्या ड्रायव्हरांचंही झालंय. त्यातले काही अजून मोटारसायकल मारतात.

पहिल्यांदा ज्या ठिकाणी गेलो ते काही जमलं नाही. नाव सांगत नाही. दहा बैठकांचं पॅकेज, पैसे आगाऊ, आणि दोन्ही गुडघ्यांना करंट. माझे गुडघे दुखत नाहीत असं सांगितलं, तर "या वयात दुखतातच" असं उत्तर मिळालं. शेकानं बरं वाटतं, नाही असं नाही. पण आडवं पडून तोल सुधारत नसतो. कुणी जाणार असेल तर माझा निकष सांगून ठेवतो: पहिल्या दिवशी ज्यांनी तुम्हाला खुर्चीतून उठवून चालवून पाहिलं नाही, चपला-मोजे काढायला लावून तळवे तपासले नाहीत, तिथं दुसऱ्या दिवशी जायची गरज नाही.

दुसरं ठिकाण सूनबाईनं शोधलं. एका इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा, आत दोन पलंग, भिंतीला लाकडी दांडी, कोपऱ्यात फोमच्या जाड गाद्या. फिजिओ मॅडम वयानं माझ्या पोरापेक्षा लहान. त्यांनी आधी मशीनला हातच लावला नाही, वही उघडली. कधी पडलात? दिवसा की रात्री? कुठल्या बाजूला? पडण्याआधी नुकतेच उठला होतात का? हातात काय होतं? पायात काय होतं? गरगरलं, की पाय अडकला, की नुसतेच कोलमडलात? आणि सगळ्या गोळ्या पिशवीसकट दाखवा. चेकरनं कंडक्टरचं वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, तपासावा तशी ती चौकशी. मी उत्तरं देत गेलो आणि देता देता माझंच मला दिसायला लागलं, की मी वाटेल तिथं आणि वाटेल तेव्हा पडत नव्हतो. पहाटे लघवीला उठलो की, लाइट गेली की, नाहीतर मोरीत डोळ्यावर साबण असताना. उजेडात, रस्त्यावर, एकदाही नाही.

मग चाचण्या. पहिली अगदी साधी. खुर्चीतून उठायचं, तीन मीटरवर चिकटपट्टी लावली आहे तिथपर्यंत नेहमीच्या चालीनं जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मॅडमच्या हातात घड्याळ. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. मला सतरा लागले. सरळ चालताना ठीक होतं, वेळ गेला तो वळण्यात. मी एका झटक्यात वळत नव्हतो, बारीक बारीक पावलं टाकत होतो, ते मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

दुसरी, हाताची घडी छातीवर घालून अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता-बसता येतं. सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या पुरुषाला निदान बारा जमायला हवेत. माझे आठ झाले, आणि आठव्याला मांड्या थरथरत होत्या. तिसरी उभं राहण्याची: पाय जुळवून, मग एक पाय थोडा पुढं, मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून, मग एका पायावर. प्रत्येक पायरीवर दहा सेकंद. टाच-अंगठ्याच्या पायरीवर दहा सेकंद निघाले नाहीत तर लक्षण चांगलं नाही म्हणतात. मी तिथंच भिंतीला हात लावला.

पण खरी गंमत तळव्यांची. मॅडमनी पेनासारख्या दांडीला लावलेला एक नायलॉनचा धागा काढला. दहा ग्रॅम दाब पडला की तो वाकतो. माझे डोळे मिटवले आणि तळव्याला जागोजागी टोचून "कळलं का?" असं विचारत राहिल्या. मी वाट बघत होतो की आता सुरू करतील. त्यांचं करून झालं होतं. अंगठ्याच्या हाडावर थरथरणारा चिमटाही ठेवला. थरथर कधी थांबली ते सांगायचं होतं, मला ती सुरू झाल्याचंच समजलं नव्हतं. ही डायबेटीसची करामत. पंधरा-वीस वर्षं शुगर अंगात वागवली की पायाच्या नसा बोटांपासून वर मंदावत येतात. दुखत नाही म्हणून कुणी लक्ष देत नाही.

मग त्यांनी समजावून सांगितलं ते असं. माणूस उभा राहतो तो तीन ठिकाणच्या बातमीवर. डोळे सांगतात की समोरचं सरळ आहे की तिरकं. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्या सांगतात की डोकं कुठं वळतंय. आणि तळवे, घोटे, गुडघे सांगतात की खाली काय आहे आणि वजन कुठल्या पायावर आहे. तिघांपैकी एक गैरहजर असेल तर उरलेले दोघं ड्यूटी ओढतात. माझ्या तळव्यांनी रजा टाकली होती आणि डोळे डबल ड्यूटी करत होते. अंधार झाला, डोळ्यात साबण गेला, की दोघं गैरहजर. फोमच्या गादीवर उभं करून डोळे मिटायला सांगितल्यावर मी दोन-तीन सेकंदांत बाजूला कलंडलो. मॅडमचा हात कमरेच्या पट्ट्याला होता म्हणून गादीवरच राहिलो. कानाचीही तपासणी केली, पलंगावर झटकन मान वळवून आडवं पाडून. कान ठणठणीत निघाले. ज्यांना कुशीवर वळल्यावर खोली गरगर फिरते, त्यांचा दोष बहुधा कानातल्या बारीक खड्यांचा असतो आणि तो डोकं ठरावीक पद्धतीनं फिरवून बसवता येतो, व्यायामाची वाट बघावी लागत नाही. माझं ते नव्हतं.

एक गोष्ट मात्र व्यायामाच्या बाहेरची निघाली. मला पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घेतलं, मग उभं करून लगेच, आणि थोड्या वेळानं पुन्हा. आडवं असताना वरचा आकडा १४०, उभं राहिल्यावर ११६. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा वीस किंवा जास्त उतरला तर तो दोष समजतात. बीपीची गोळी आणि प्रोस्टेटची गोळी दोन्ही मी रात्री एकदम घेत होतो. मॅडमनी स्वतः काही बदललं नाही, फिजिशियनच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली. फिजिशियननी एका गोळीचा डोस कमी केला, दुसरीची वेळ बदलली आणि रक्तात बी-१२ तपासायला सांगितलं. ते कमी निघालं. शाकाहार आणि शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं, या जोडीत ते कमी होतं म्हणे. इंजेक्शनं सुरू झाली. आता पहाटे उठायचं तर आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पाय खाली सोडून घोटे वर-खाली हलवायचे, दिवा लावायचा आणि मग उभं राहायचं. हे एवढं सुरू केल्यावर पहाटेचं अंधारी येणं जवळजवळ बंद झालं. व्यायामाचा परिणाम दिसायला अजून बराच अवकाश होता, त्याच्या आधीच.

व्यायाम सुरू झाले तेव्हा मला वाटलं होतं की सावकाश, जपून, धरून-बिरून काहीतरी करवतील. करवलं उलटंच. मला भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून उभं केलं. दोन्ही बाजूंना भिंत, समोर खुर्चीची पाठ. शाळेत उभं करायचे तसं. टाचेला अंगठा लावून उभं राहा आणि हात सोडा. हात सोडले की अंग डुगडुगायचं आणि हात खुर्चीवर जायचा. "काका, डुगडुगलात म्हणूनच तर ते व्यायाम आहे," मॅडम म्हणायच्या. "स्थिर उभे राहिलात तर मी अवघड करणार." आणि खरंच करायच्या. उघड्या डोळ्यांनी जमलं की मान डावी-उजवीकडं वळवा. ते जमलं की फोमवर. ते जमलं की हातात भांडं धरून. कायम जरा पुढची पायरी, जिथं पडता पडता सावरावं लागेल अशी.

त्यांचं म्हणणं असं, की गेल्या वर्षभरात मी घरात धरून चालायला लागलो होतो. पलंगाची कड, मग कपाट, मग दाराची चौकट, मग डायनिंगची खुर्ची. घरच्यांना ते चांगलं वाटायचं, सांभाळून चालतात म्हणून. पण हात प्रत्येक वेळी आधी पोचला की पायांना सावरायची पाळीच येत नाही, आणि पाळी आली नाही की पाय ते विसरतात. मग चुकून हाताशी काही नसतं त्या दिवशी माणूस पडतो. पडल्यावर भीती बसते, भीतीनं आणखी धरतो, फिरणं बंद करतो, मांड्या वाळतात. मला हे पटायला वेळ लागला नाही. नवा कंडक्टर दांडी धरून तिकिटं फाडायला बघतो आणि प्रत्येक वळणाला फेकला जातो. हात सोडला की त्याला पाय सापडतात. घरी येऊन हिला हे सांगितलं तर ही म्हणाली, "मग इतके दिवस कपाटाला लोंबकळत का होता?"

घरी करायला चित्रांचा कागद मिळाला. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात म्हाताऱ्यांसाठी घरच्या घरी करायचा एक क्रम बसवला गेला, त्यावर तो बेतलेला. तिथल्या प्रयोगांत पडण्याचं प्रमाण साधारण ३५ टक्क्यांनी कमी झालं होतं. त्यात जादू काही नाही. घोट्याला वजनाची पट्टी बांधून खुर्चीत बसून पाय सरळ करणं. ओट्याला बोटं टेकून पाय मागं दुमडणं, बाजूला उचलणं. टाचांवर उभं राहणं, चवड्यांवर उभं राहणं. खुर्चीतून उठबस. फरशीच्या रेघेवर टाचेला अंगठा लावत चालणं, उलटं चालणं, आडवं चालणं, इंग्रजी आठाचा आकडा काढत चालणं. पाय बळकट करायचे व्यायाम आठवड्यातून तीनदा, मधल्या दिवशी विश्रांती. तोलाचे जवळजवळ रोज. आणि जमेल तसं बाहेर फिरणं. सगळं मिळून आठवड्याला तीन तास तरी भरले पाहिजेत, याखाली मॅडम ऐकून घेत नसत.

यातला सगळ्यात कंटाळवाणा प्रकार पाय बाजूला उचलण्याचा. दिसायला काहीच नाही, पण खुब्याच्या बाजूचा स्नायू त्यानं जागा होतो, आणि एका पायावर वजन आल्यावर कंबर ज्या बाजूला लचकते ती थांबते. मी अंग दुसऱ्या बाजूला झुकवून पाय उंच नेत होतो आणि मनातल्या मनात खूश होत होतो. मॅडमनी माझ्या कमरेवर दोन बोटं ठेवली आणि "आता उचला" म्हणाल्या. पाय वीतभरही वर गेला नाही. तेवढाच खरा होता.

बोलण्याचा भाग मला सगळ्यात आवडला आणि सगळ्यात जड गेला. चालता चालता बोलायला लावायच्या. पहिल्याच दिवशी "काका, चिपळूणहून कराडपर्यंतचे थांबे सांगा" असा प्रश्न. हे मला झोपेत विचारलं तरी येतं. चिपळूण, शिरगाव, पोफळी, घाटमाथा, हेळवाक, पाटण, नवारस्ता, मल्हारपेठ. सांगून झालं आणि बघतो तर मी जागेवर उभा. पाय कधी थांबले ते कळलंच नाही. मग हिशेब: चाळीसचं तिकीट, दोन फुल, तीन हाफ, दोनशेची नोट. एकशे चाळीस, परत साठ. उत्तर बरोबर, पाय बंद. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ मध्ये हेच नोंदवलं होतं, की चालताना कुणी बोललं की ज्या म्हाताऱ्या माणसांचे पाय थांबतात, ती पुढं जास्त पडतात. चालणं आपोआप होईनासं झालेलं असतं, त्याला सगळं डोकं लागतं, आणि डोकं दुसरीकडं गेलं की पाय वाऱ्यावर. रस्त्यात कुणी हाक मारली, मोबाइल वाजला, नातवानं काही विचारलं, की पडण्याचा क्षण तोच. त्यामुळं आमच्या हॉलमध्ये पुढं कितीतरी दिवस मी रेघेवरून चालत होतो आणि नातू पाढे विचारत होता. एकोणतीसच्या पाढ्याला अजून पाय अडखळतात. ते बहुधा पायांचं दुखणं नसावं.

ढकलण्याचाही एक प्रकार होता. कमरेला रुंद पट्टा, मॅडमची पकड त्यावर, आणि दुसऱ्या हातानं खांद्याला अचानक हलका धक्का. कधी, कुठून, ते सांगायचं नाही. माणूस सावरतो तो तीन तऱ्हांनी. थोडा धक्का असेल तर घोट्यातून, जास्त असेल तर कमरेतून वाकून, आणि त्याहून जास्त असेल तर पटकन पाऊल टाकून. माझं पाऊल उशिरा पडायचं. मागं जाताना तर पडायचंच नाही, नुसता मागं झुकत जायचो. मॅडम सांगायच्या, पाऊल टाकायला लाजू नका, जागेवरच सावरलं पाहिजे असा काही नियम नाही. ड्रायव्हरनं ब्रेक मारताना कधी सांगून मारलाय, असं मी त्यांना म्हणालो. त्यानंतर ढकलायच्या आधी त्या "ब्रेक" असं म्हणायला लागल्या, मग काही दिवसांनी ब्रेक म्हणून ढकलायच्याच नाहीत, आणि न म्हणता ढकलायच्या.

जमिनीवरून उठायचं शिकवलं त्या दिवशी हिला मुद्दाम बोलावलं होतं. मला गादीवर पाठीवर झोपवलं आणि म्हणाल्या, "समजा, पडलात. उठा." मी सवयीनं हात वर केला आणि हिनं सवयीनं दोन्ही काखांत हात घालून ओढायला सुरुवात केली. "थांबा काकू! सोडा त्यांना." मॅडमनी सांगितलं, असं ओढल्यानं त्यांचा खांदा जातो आणि तुमची कंबर, आणि बहुतेक वेळा दुसरं माणूसही त्याच्यावर पडतं. क्रम असा: आधी घाई करायची नाही, श्वास घ्यायचा, कुठं दुखतंय ते बघायचं. खुब्यात कळ असेल, पाय हलत नसेल, डोक्याला लागलं असेल तर उठायचंच नाही, १०८ ला फोन. काही नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग रांगायच्या स्थितीत. रांगत मजबूत खुर्चीपर्यंत जायचं. खुर्ची जवळ नसेल तर घरच्यांनी आणून द्यायची, एवढंच त्यांचं काम. हात खुर्चीच्या बैठकीवर, चांगला पाय पुढं घेऊन तळवा जमिनीवर, आणि हात-पाय दोन्हींनी रेटून वर. मग मागं दुसरी खुर्ची, लगेच बसायचं.

सांगायला सोपं आहे. कुशीवरून रांगायला येताना मी मध्येच अडकलो. पोट आडवं येतं, मनगट दुखतं, आणि चाळीस-एक वर्षांत माणूस रांगलेलाच नसतो. हिचा जीव वरखाली, हात मागं बांधून उभी. बराच वेळ गेला पण उठलो, कुणी हात न लावता. तेव्हापासून पडण्याची धास्ती जी कमी झाली ती दुसऱ्या कुठल्याच व्यायामानं झाली नव्हती. खाली गेलो तर वर येता येतं, हे अंगाला कळलं होतं. माझं तर मत आहे, हे पहिल्याच आठवड्यात शिकवावं. मॅडमना ते मान्य नाही, आधी मांड्यांत जोर हवा म्हणतात.

घरातले बदल पटापट झाले. मोरीत आणि कमोडजवळ भिंतीला स्टीलची दांडी, टॉवेलची नव्हे, भिंतीत भोकं पाडून स्क्रूनं पक्की बसवलेली. मोरीच्या तोंडाशी असलेलं पायपुसणं हद्दपार; हिच्या माहेरचं होतं, त्यावर चर्चा झाली. पलंगापासून मोरीपर्यंत रात्रभर जळणारे छोटे दिवे, इन्व्हर्टरवर. मागं पट्टा नसलेल्या स्लिपर बंद, त्याऐवजी टाच धरणाऱ्या, पातळ कडक तळव्याच्या चपला. जाड मऊ तळवा माझ्यासारख्याला वाईट, खालची जमीन आणखी कळेनाशी होते. तळवे रोज रात्री आरशात बघायचे, जखम झाली तरी समजत नाही म्हणून. जिना उतरताना प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या काचेतून पायरी धूसर दिसायची, म्हणून बाहेर जायला फक्त लांबचा वेगळा चष्मा केला. काठी मी घेत नव्हतो, घेतली. तिची मूठ उभं राहून हात सोडल्यावर मनगटाच्या घडीशी यायला हवी, आणि ती कमजोर पायाच्या उलट्या हातात धरायची. माझा डावा पाय कमजोर, म्हणून उजव्या हातात. डेपोतले अर्धे जुने सहकारी चुकीच्या हातात काठी धरून फिरतात, आता ते डोळ्यांना टोचतं.

सुरुवातीलाच मॅडमनी विचारलं होतं, तुम्हाला यातून नेमकं काय करता आलं पाहिजे? मी म्हटलं, एसटीत चढता आलं पाहिजे. सरकार पासष्टच्या पुढं अर्ध्या तिकिटात आणि ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरच्या पुढं फुकट नेतंय, आणि मला पहिली पायरी चढवत नाही, हे काही बरं नव्हे. एसटीची पहिली पायरी उंच असते, घरातल्या जिन्यापेक्षा बरीच. त्यांनी क्लिनिकमध्ये लाकडी पाट एकावर एक रचून ती उंची केली. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी, हे दांडी धरून, मग एका हातानं, मग पिशवी घेऊन. व्हायरल तापानं मध्ये एक-दोन आठवडे अंथरुणात गेले आणि कमावलेलं बरंचसं गेलं. म्हातारपणी ताकद यायला महिने आणि जायला दिवस लागतात. पुन्हा एक पाट कमी करून सुरुवात केली.

पाटणला भाचीकडं गेलो ते एसटीनं. बसस्टँडवर पोरं ढकलाढकली करत होती, मी बाजूला थांबलो, सगळे चढल्यावर दांडी धरून चढलो. कंडक्टर नवी पोरगी होती, मशीनवर तिकीट काढत दोन्ही हात सोडून उभी. बघायला बरं वाटलं. मी मात्र बसून गेलो. चालत्या गाडीत उभं राहायचा माझा काही विचार नाही आणि मॅडमनीही तशी परवानगी दिलेली नाही.

आता खुर्ची ते खुर्ची चालण्याचे सेकंद बाराच्या आत आले आहेत. उठबशा अकरावर अडल्या आहेत, बाराव्याला हात आपोआप मांडीवर जातो आणि हात लागला की ती धरत नाहीत. फोमवर डोळे मिटून उभं राहणं आजही जमत नाही, आणि मॅडमनी स्पष्ट सांगितलंय की ते फारसं जमणारही नाही. तळव्यांची गेलेली जाणीव व्यायामानं परत येत नाही. बी-१२ नं काही आली तर आली. म्हणून रात्रीचे दिवे कायमचे, आणि लाइट गेली तर जागेवरून हलायचं नाही.

एक नवीनच झालं. जमिनीवरून उठायच्या दिवशी मॅडमनी सहज हिचीही चाचणी घेतली होती. ही कधी पडलेली नाही, दिवसभर पायाला भिंगरी, त्यामुळं प्रश्नच नव्हता. हिच्या उठबशा माझ्यापेक्षा कमी भरल्या आणि एका पायावर ही उभीच राहू शकली नाही. बायकांची हाडं आधीच ठिसूळ होतात, पडल्या तर खुबाच जातो, म्हणून पडायच्या आधी सुरू करा असं मॅडम म्हणाल्या. आठवडाभर ही त्यांच्यावर रागावून होती. आता संध्याकाळी ओट्याशी आम्ही दोघंही टाचा उचलत असतो. वजनाच्या पट्ट्यांची घरात एकच जोडी आहे आणि मालिका सुरू व्हायच्या आधी ती दोघांनाही हवी असते. पोराला दुसरी जोडी आणायला सांगितलीय. किलोची आण म्हटलंय, हिच्यासाठी अर्ध्या किलोची पुरे.